अकरावीतल्या विंगरची कॉलेज फुटबॉलची कुवत कशी जोखायची? अमेरिकेतल्या स्कॉलरशिपचा विषय निघालाय

उत्तरेश्वर_७

नमस्कार मंडळी. भाचा अकरावी सायन्सला आहे, वय १६ वर्षं ८ महिने. उजवा विंगर, म्हणजे उजव्या कडेनं हल्ला करणारा. शालेय स्पर्धेत १७ वर्षांखालील संघातून विभागीय पातळीपर्यंत खेळला, यंदापासून १९ वर्षांखालील गटात. आम्ही कोल्हापूरचे, इथं तालमींचे फुटबॉल संघ असतात; पेठेतल्या तालमीच्या ज्युनिअर संघातही असतो. उंची १६८ सेंमी, वजन ५७ किलो. ३० मीटर ४.१ सेकंदांत पळतो (मोबाईलच्या स्टॉपवॉचवर). शाळेच्या सामन्यांत गोल भरपूर, डावा पाय कच्चा.

एका कन्सल्टन्सीवाल्यांनी घरी सांगितलंय की अमेरिकेतल्या कॉलेजात फुल स्कॉलरशिप मिळेल, पण व्हिडिओ प्रोफाइलचे पैसे आधी भरा. ताईचं म्हणणं बारावीवर लक्ष दे, दाजींचं म्हणणं पोराला संधी मिळू दे. पैसे भरायच्या आधी त्याची खरी पातळी आपली आपण तपासता येईल का? सामन्यात नेमकं काय मोजायचं, कोणत्या चाचण्या घ्यायच्या? "पोरगं भारी आहे" असं सगळेच म्हणतात, त्यातून काही कळत नाही.

गॅलरी_ब

दादा, पैसे भरायच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत.

सगळ्यात आधी गोलांचा आकडा बाजूला ठेवा. शालेय सामन्यात वेगवान विंगरला मागे मोकळी जागा मिळते, कारण समोरचा बॅक (बचावपटू) चुकीच्या जागी उभा असतो. बॉल पुढे ढकलला, पळत गेला, गोल झाला. कॉलेज पातळीवरचा बॅक ती जागा देतच नाही. तेव्हा प्रश्न असा विचारायचा: मागची जागा बंद झाल्यावर हा मुलगा काय करतो? त्याचं उत्तर गोलांच्या यादीत सापडत नाही, पूर्ण सामन्याच्या चित्रीकरणात सापडतं.

तीन सामने पूर्ण चित्रित करा. एक तगड्या संघाविरुद्ध, एक दुबळ्या संघाविरुद्ध, आणि एक असा की ज्यात त्याचा संघ सुरुवातीलाच पिछाडीवर गेला. तिसरा सामना सगळ्यात बोलका असतो. फोन आडवा, तिपाईवर, मध्यरेषेच्या समोर आणि जमेल तेवढा उंच. शाहू स्टेडियमवर सामना असेल तर गॅलरीच्या वरच्या पायरीवरून मैदान छान दिसतं. सपाट मैदानावर जमिनीवरून घेतलेल्या चित्रीकरणात खेळाडूंमधली अंतरं कळत नाहीत, तिथं शेजारची एखादी गच्ची शोधा. झूम करून बॉलच्या मागे जाऊ नका. बॉल पलीकडच्या बाजूला असताना आपला मुलगा काय करतोय, तेच तर बघायचंय.

मग वहीत तक्ता आखा. त्याच्याकडे बॉल आला की एक ओळ. त्या ओळीत:
- बॉल येण्याआधीच्या दहा सेकंदांत त्यानं मान वळवून किती वेळा मागे-बाजूला पाहिलं
- बॉल घेताना अंग कुठं वळलेलं होतं, स्वतःच्या गोलकडे, साइडलाइनकडे की पुढे
- पहिला टच पायाजवळ राहिला, मोकळ्या जागेत गेला की निसटला
- पुढे काय केलं: पास पुढे, पास मागे, ड्रिबल, क्रॉस (कडेवरून गोलसमोर दिलेला बॉल), शॉट
- बॉल आपल्याच संघाकडे राहिला की गेला

मान वळवण्याचा रकाना लोक सोडून देतात, माझ्या मते तोच सगळ्यात मोलाचा. नॉर्वेचे संशोधक गेइर योर्डेट यांनी इंग्लिश प्रीमियर लीगमधल्या मिडफिल्डर्सचा असा अभ्यास केलाय. बॉल मिळण्याआधी जे खेळाडू जास्त वेळा आजूबाजूला बघतात, त्यांचे पुढे जाणारे पास जास्त यशस्वी होतात, असं त्यातून दिसलं. आपल्याकडच्या पोरांची नजर बॉलवर चिकटलेली असते. बॉल पायात आल्यावर मान वर, तोवर अंगावर माणूस. विंगरला एका बाजूला साइडलाइन असते म्हणून त्याचं काही काळ भागतं, आत खेळवला की लगेच उघडं पडतं. एखादा सामना त्याला आत, दहा नंबरच्या जागी (मधोमध, स्ट्रायकरच्या मागे) खेळवायला कोचना सांगून बघा.

दुसरा तक्ता बॉल नसतानाचा. बॉल गमावल्यावर पहिल्या पाच सेकंदांत तो काय करतो? हात वर करून रेफ्रीकडे बघतो, चालतो, की लगेच उलटा फिरून दबाव टाकतो? आपला बॅक एकटा पडलाय हे दिसल्यावर मागे पळतो का? हे दर पंधरा मिनिटांच्या टप्प्यात वेगळं मोजा. पहिल्या टप्प्यात सहा वेळा परत पळाला आणि शेवटच्या टप्प्यात एकदाच, तर दम कमी आहे किंवा सवय नाही. दोन्हींवर उपाय आहे, पण उपाय वेगवेगळा.

डाव्या पायाचं असं की दोन्ही पाय सारखे असावेत अशी अपेक्षा कुणी करत नाही. बॅकनं उजवी बाजू बंद केली की डाव्यानं साधा दहा-पंधरा मीटरचा पास किंवा जमिनीलगतचा क्रॉस देता येतो का, एवढंच बघतात. येत नसेल तर दुसऱ्या हाफमध्ये समोरचा बॅक त्याला सरळ डावीकडे ढकलून मोकळा होतो.

आणि चित्रीकरण बघताना आवाज बंद करा. हलगी आणि गॅलरीचा ओरडा ऐकत बघितलं की साधा ड्रिबलसुद्धा मोठा वाटतो.

वाढीचा_आलेख

वर सांगितलेलं सगळं पटलं. त्यात एक गोष्ट जोडतो, शरीराची वाढ. १४ ते १७ वयातली पारख इथंच सगळ्यात जास्त चुकते.

मुलग्यांची उंची झपाट्यानं वाढण्याचा काळ साधारण १३ वर्षं ६ महिने ते १४ च्या आसपास येतो, पण दोन-दोन वर्षं पुढेमागे होऊ शकतो. लवकर वाढलेलं पोरगं पंधराव्या वर्षी सगळ्यांना धक्का देऊन पुढे जातं, बाकीचे अठराव्या वर्षी त्याच्या बरोबरीला आले की ते हरवतं. उशिरा वाढणाऱ्याचं उलटं: आज मार खातो, म्हणून त्याला डोक्यानं खेळायला शिकावं लागतं.

शिवाय शालेय स्पर्धेची वयमर्यादा १ जानेवारीपासून मोजतात. एकाच गटात जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला, दोघांत जवळपास वर्षाचा फरक. निवड झालेल्या संघात वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी असते, हे जगभर दिसलंय. भाच्याचा जन्ममहिना कोणता ते या दृष्टीनं बघा.

घरच्या घरी करण्यासारखं: दर तीन महिन्यांनी सकाळी, अनवाणी, भिंतीला टेकून उंची. एक बसल्या उंचीही घ्या, सपाट बाकड्यावर बसवून. वर्षाला एखादाच सेंटिमीटर वाढत असेल तर वाढ संपत आली, म्हणजे आजचा वेग ही जवळपास खरी पातळी. अजून पाच-सहा सेंटिमीटर वाढत असेल तर शारीरिक आकड्यांवरून आत्ताच निकाल देऊ नका. अंतिम उंचीचा ढोबळ अंदाज म्हणून आई-वडिलांची उंची मिळवून त्यात १३ घालायचे आणि दोनानं भागायचं. त्यात आठ-नऊ सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकतं, म्हणून त्यावर विसंबून काही ठरवू नये.

झपाट्यानं वाढत असताना गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा दुखतो, टाचही दुखते. अशा वेळी एकाच आठवड्यात शाळा, तालीम आणि सेव्हन-ए-साइड असे तीन ठिकाणचे सामने लादले की पोरगं हळू पडतं आणि लोक म्हणतात "खेळ उतरला". आधी भार मोजा, मग खेळाबद्दल बोला.

यो_यो_बीप

३० मीटर ४.१ या आकड्याबद्दल. हातानं दाबलेलं घड्याळ साधारण ०.२ सेकंद कमी दाखवतं, कारण धावणारा निघालेला दिसल्यावर बोट दाबलं जातं, शेवटी मात्र अंदाजानं आधीच दाबतात. म्हणजे खरा वेळ ४.३ च्या जवळ धरा. वाईट अजिबात नाही. पण विंगरचा बॅकशी मुकाबला पहिल्या दहा मीटरांतच निकाली निघतो, म्हणून १० मीटरचा वेळ वेगळा हवा.

तो असा घ्या. फोन स्लो मोशनवर, सेकंदाला २४० फ्रेम. धावण्याच्या रेषेलगत ०, १० आणि ३० मीटरवर काठ्या रोवा. अंतर टेपनं मोजा, पावलांनी नको. फोन रेषेपासून लांब, मधोमध तिपाईवर. छाती काठीच्या रेषेत आली ती फ्रेम धरायची, फ्रेमची संख्या भागिले २४०. एकच माणूस तीन वेळा पळवा, मधे तीन मिनिटं विश्रांती, उत्तम वेळ घ्या. मैदान, बूट आणि दिवसाची वेळ दर वेळी तीच. पोलो मैदानाच्या कडक मातीवरचा आकडा पावसाळी गवतावरच्या आकड्याशी ताडून काहीच कळणार नाही.

दुसरी चाचणी: ६ वेळा ३० मीटर, दर ३० सेकंदांनी एक. सहांची सरासरी आणि सर्वांत वेगवान वेळ यांत किती टक्के फरक पडतो ते काढा. ५ टक्क्यांच्या वर गेला तर मुलगा एकदा वेगवान आहे, पुन्हा पुन्हा नाही.

तिसरी, यो-यो इंटरमिटंट रिकव्हरी लेव्हल १, म्हणजे मधेमधे थोडी विश्रांती घेत पळण्याची दमाची चाचणी. २० मीटरवर दोन कोन, सुरुवातीच्या कोनामागे ५ मीटरवर तिसरा. बीपवर २० मीटर जा-ये, मग १० सेकंदांत मागच्या कोनापर्यंत चालत जाऊन परत. दुसऱ्यांदा बीप चुकली की थांबायचं. एकूण अंतर लिहा. १७ वर्षांच्या चांगल्या खेळाडूनं २००० मीटरच्या आसपास जावं ही माझी अपेक्षा असते. १२०० ला थांबला तर कॉलेज हंगामाच्या आधी दमाचं बरंच काम बाकी आहे. एप्रिल-मे मध्ये दुपारी घेऊ नका, सकाळी सातच्या आत. आणि बीपचा ऑडिओ लेव्हल १ चाच आहे ना हे तपासा. लेव्हल २ चा लावून "पोरगं लवकर थांबलं" म्हणणारे भेटतात.

या तिन्ही चाचण्यांचा उपयोग एकदा घेऊन नाही. आठ आठवड्यांनी पुन्हा घ्या. शिकवलेलं किती अंगात मुरतं, हे दोन आकड्यांमधल्या फरकातून कळतं.

उत्तरेश्वर_७

सगळ्यांचे मनापासून आभार. जन्म नोव्हेंबरचा आहे, आणि गेल्या वर्षभरात उंची ४ सेंमी वाढली. तीन सामन्यांचं चित्रीकरण पुढच्या महिन्यात करतो. आता अमेरिकेबद्दल कुणी माहीतगार आहे का? फुल स्कॉलरशिप हे खरं असतं का? आणि तालमीकडून खेळताना बक्षिसाचे पैसे मिळतात, त्यानं काही अडतं का?

कागदपत्रं_आधी

नोव्हेंबरचा जन्म आणि अजून वाढतोय, ही जमेची बाजू आहे.

अमेरिकेत कॉलेज खेळाच्या मुख्य संघटना दोन, एनसीएए आणि एनएआयए; दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजांची वेगळी एनजेसीएए. एनसीएएचे तीन विभाग. डिव्हिजन तीनमध्ये खेळाची स्कॉलरशिप देतच नाहीत, तिथं मिळते ती अभ्यासावरची किंवा आर्थिक गरजेवरची. डिव्हिजन एकमध्ये पुरुषांच्या फुटबॉलला वर्षानुवर्षं पूर्ण संघ मिळून ९.९ स्कॉलरशिपची मर्यादा होती, आणि ती पंचवीस-तीस खेळाडूंत वाटायची. २०२५-२६ पासून, खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा असलेल्या नव्या व्यवस्थेत आलेल्या कॉलेजांसाठी ती मर्यादा जाऊन २८ खेळाडूंच्या संघाची मर्यादा आली. पण मर्यादा उठली म्हणून प्रत्येक कॉलेज पैसे वाढवतं असं नाही. पुरुष फुटबॉलमध्ये सगळा खर्च खेळातूनच निघणं दुर्मिळ आहे. बहुतेकांचं गणित थोडी खेळाची, थोडी मार्कांची आणि उरलेले घरचे असं असतं. "फुल" हा शब्द लेखी हमीशिवाय कुणी वापरत असेल तर पैसे देऊ नका.

म्हणून ताईचं बारावीवर लक्ष देणं आणि दाजींचं संधी देणं या दोन गोष्टी एकमेकांच्या आड येत नाहीत. डिव्हिजन एकसाठी नववी ते बारावीतले १६ मुख्य विषय धरतात आणि त्यांत त्यांच्या मोजणीनं ४ पैकी किमान २.३ ची सरासरी लागते. इंग्रजी, गणित, फिजिक्स, केमिस्ट्री हे सायन्सवाल्याकडे असतातच. अडचण येते ती कागदांची. नववीची गुणपत्रिका बरेच जण जपून ठेवत नाहीत. शाळेतून सही-शिक्क्याची प्रत आत्ताच काढा, मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या. अकरावीचंही तसंच. इंटिग्रेटेड क्लास लावून कॉलेजची परीक्षा नावापुरती दिली असेल तर पुढे विषयवार गुण दाखवताना नाकी नऊ येतात. बारावीनंतर नीटसाठी किंवा जेईईसाठी ड्रॉप घेऊन दरम्यान संघटित स्पर्धा खेळत राहिलं तर खेळण्याचा हंगाम वाया जाऊ शकतो. हे नियम बदलत असतात, म्हणून एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरचं (पात्रता तपासणाऱ्या विभागाचं) चालू वर्षाचं पान वाचा आणि ज्या कॉलेजशी बोलणं चाललंय त्याच्या कम्प्लायन्स ऑफिसला (नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या कार्यालयाला) ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

बक्षिसाचंही तेच. खेळण्याच्या प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त रक्कम घेतली की प्रश्न उभे राहू शकतात. कुठल्या स्पर्धेत किती, कशासाठी, कुणाच्या हातात, याची तारखेसह नोंद ठेवा. तालमीनं मानधन देऊ केलं तर आधी विचारा, मग घ्या. एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या) नोंदणीत तो हौशी खेळाडू म्हणूनच असावा, व्यावसायिक करारावर सही नको.

आता पारखीचा भाग. तिथला कॉलेज हंगाम ऑगस्ट ते डिसेंबर, आठवड्याला बऱ्याचदा दोन सामने. बदली खेळाडूंचे नियम सैल: पहिल्या हाफमध्ये बाहेर गेलेला त्या हाफमध्ये परत येत नाही, दुसऱ्या हाफमध्ये मात्र एकदा परत येऊ शकतो. त्यामुळे ताजे पाय सतत आत येतात आणि खेळ धावपळीचा, अंगावर येणारा होतो. ५७ किलोच्या विंगरला खांद्याला खांदा लागल्यावर उभं राहता येतं का, हे तिथला कोच पहिल्यांदा बघेल. युरोपातून आणि आफ्रिकेतून आलेली वीस-एकवीस वर्षांची मुलं त्याच जागेसाठी असतात.

व्हिडिओला कन्सल्टन्सी लागत नाही. तीन ते पाच मिनिटं, सगळ्यात चांगले प्रसंग आधी. प्रत्येक प्रसंगात बॉल येण्याआधी खेळाडूवर बाण किंवा गोल, म्हणजे तो कोण हे कळतं. गाणं नको. फक्त गोल नकोत. मागे पळून अडवलेला बॉल, दबावाखाली घेतलेला टच हेही घाला. सोबत एका पूर्ण सामन्याची लिंक द्याच. ईमेलमध्ये जन्मतारीख, बारावीचं वर्ष, उंची-वजन, जागा, कोणता पाय, जर्सीचा रंग-नंबर, मार्क, आणि वर्षाला घरून किती खर्च झेपेल तो आकडा. शेवटची ओळ लोक लाजून लिहीत नाहीत, आणि मग सहा महिने बोलणं होऊन पैशावर फिसकटतं. मुलानं स्वतःच्या नावानं, स्वतःच्या इंग्रजीत लिहावं. कोच पुढे फोनवर त्याच्याशीच बोलणार आहे.

शाहूपुरी_राइटबॅक

इथल्या वाटेबद्दल थोडं, कारण आत्ताची चर्चा अमेरिकेवर गेली.

अकरावी-बारावीत तो जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या १९ वर्षांखालील शालेय स्पर्धेतच खेळणार. विद्यापीठाचे सामने पदवीच्या पहिल्या वर्षापासून. शिवाजी विद्यापीठात आंतरमहाविद्यालयीन, मग आंतरविभागीय, त्यातून विद्यापीठ संघ आणि तो पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धेला. विद्यापीठ संघात बसेल का, हे जोखायला सोपा मार्ग आहे. सध्या त्या संघात असलेले विंगर केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या) लीगमध्ये कुठल्या ना कुठल्या तालमीकडून खेळताना दिसतात. त्यांच्यापैकी दोघांचे सामने त्याच वहीतल्या त्याच तक्त्यात भरा आणि भाच्याच्या आकड्यांशेजारी ठेवा. परदेशी मापदंडांपेक्षा हे जास्त खरं सांगेल.

व्यावसायिक वाटेबद्दल स्पष्ट बोलतो. आपला अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, पण तो लहानपणीच घर सोडून पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत (शासनाच्या निवासी प्रशिक्षण केंद्रात) गेला होता. ती वाट १२-१४ व्या वर्षी सुरू होते. १७ व्या वर्षी दार बंद झालं असं नाही, पण तेव्हा शिकायला घेत नाहीत, तयार खेळाडू म्हणून घेतात. क्लबांच्या ट्रायल्सना पाठवताना तीन गोष्टी बघा: ट्रायल क्लबच्या अधिकृत पानावर जाहीर झालीय का, फी किती आणि कशाची, आणि पूर्ण मैदानावर सामना खेळवणार की शंभर पोरांना वीस-वीस मिनिटं पळवणार.

प्रमाणपत्रं जपा. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण ते मान्यताप्राप्त स्पर्धांतल्या ठरावीक कामगिरीवर आणि पडताळणी झालेल्या प्रमाणपत्रावर. पेठेच्या चषकातली ढाल तिथं चालत नाही.

आणि एक, हे कदाचित त्याला आवडणार नाही: तक्त्यात मागे पळण्याचे आकडे चांगले आले आणि ड्रिबलचे मध्यम, तर त्याला राइट बॅक म्हणून खेळवून बघा. विंगरची गर्दी सगळीकडे असते. वेग असलेला, पुढे जाऊन क्रॉस देणारा आणि वेळेत परत येणारा बॅक कुठल्याही कोचला हवा असतो. १६८ सेंमी उंचीला दूरच्या पोस्टवरचे हेडर जड जातील, तेवढं सांभाळून घ्यावं लागेल. या हंगामात दोन सराव सामने त्या जागी द्यायला कोचना सांगा, आणि त्यांचंही चित्रीकरण करा.

उत्तरेश्वर_७

कन्सल्टन्सीला सध्या नाही म्हणून कळवतो. नववीची गुणपत्रिका शाळेतून उद्याच मागवतो. तक्ता भरून झाला की इथंच टाकतो, तेव्हा बघून सांगा.

गॅलरी_ब

टाका. फक्त तक्ता भरताना भाच्याला शेजारी बसवू नका, पहिल्यांदा तुम्ही एकट्यानं भरा. मग कोरा तक्ता देऊन त्याला त्याच सामन्यासाठी भरायला सांगा. दोन्ही तक्ते टाका. स्वतःचा खेळ त्याला किती दिसतो, हे त्यावरून आम्हालाही कळेल.